चेटकिणीला हसणारी मुले : रत्नाकर मतकरी यांचे बालनाट्यकार्य

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेच्या नाट्यपरंपरेविषयी लिहिण्यास सांगितले, तेव्हा सर्वप्रथम आठवला तो एका पालकांनी विचारलेला प्रश्न. स्नेहसंमेलन नुकतेच संपले होते. मंडपातील खुर्च्या एकावर एक रचण्याचे काम चालू होते. निफाड तालुक्यातून आलेले एक ज्येष्ठ पालक माझ्याजवळ येऊन थांबले. मुलांची कामे त्यांना आवडली होती, परंतु मनात काहीतरी खुपत असावे. ते म्हणाले, "गुरुजी, बाबासाहेबांनी आपल्याला भूतखेत, देवऋषी, चेटूक ह्या सगळ्यातून बाहेर काढलं. आणि आपल्याच शाळेत आपलीच पोरं चेटकीण नाचवतात. हे कसं काय?"

त्या रात्री मी त्यांना दिलेले उत्तर अर्धेमुर्धे होते. प्रश्न मात्र पूर्ण होता आणि तो तितक्याच पूर्णतेने सोडविणे आवश्यक आहे असे मला पुढे अनेक वर्षे वाटत राहिले. आम्ही सादर केलेली नाटिका आम्हीच रचलेली होती. तथापि तिचा साचा ज्यांच्याकडून घेतला होता, ते नाटककार म्हणजे रत्नाकर मतकरी. त्यांनी मुलांसाठी काय केले, कसे केले आणि पुढे ते कोठे जाऊन पोहोचले, हे समजून घेतल्याखेरीज त्या पालकांना उत्तर देता येत नाही.

आपली शाळा गंगापूर रोडवर आहे. येथून थोड्याच अंतरावर कुसुमाग्रजांचे वास्तव्य होते. 'नटसम्राट' लिहिणारे आणि तरुणपणी काळाराम मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहात उतरलेले वि. वा. शिरवाडकर याच परिसरात वावरले. 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे वसंत कानेटकर येथल्याच हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयात प्राध्यापक होते. नाटककारांच्या या नगरीत राहून मुलांच्या नाटकासाठी मात्र आम्हाला मुंबईकडे पाहावे लागले, ही गोष्ट मला सुरुवातीस थोडी विचित्र वाटे. पुढे लक्षात आले की मुलांसाठी सातत्याने, आयुष्यभर, पूर्ण गांभीर्याने नाटके लिहिणारे लेखक मराठीतच मोजके आहेत. पु. ल. देशपांडे यांनी 'वयं मोठम् खोटम्' लिहिले, विजय तेंडुलकरांनी 'चिमणा बांधतो बंगला' लिहिले. पण या थोरांच्या लेखनसंसारात बालनाट्य हा एक कोपरा होता. मतकरींनी प्रौढांसाठी विपुल लेखन केले, तरी बालनाट्य हा त्यांच्या घराचा कोपरा कधीच नव्हता. ते घराचे जोतेच होते.

रत्नाकर रामकृष्ण मतकरी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत झाला. शाळकरी वय सरता सरताच, १९५५ मध्ये, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून प्रसारित झाली. अर्थशास्त्र घेऊन ते पदवीधर झाले आणि बँक ऑफ इंडियात नोकरीस लागले. ही नोकरी त्यांनी सुमारे वीस वर्षे केली आणि १९७८ मध्ये ती सोडून ते पूर्णवेळ लेखनाकडे वळले. म्हणजे ज्या काळात त्यांची गाजलेली बालनाट्ये रंगमंचावर आली, त्या काळात नाटककार दिवसा बँकेत काम करीत होता. माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज बँकेत, पोस्टात, महापालिकेत आहेत आणि 'नोकरीत वेळ मिळत नाही' ही तक्रार मी त्यांच्याकडून पुष्कळदा ऐकतो; त्यांच्यासाठी हा तपशील मुद्दाम नोंदवतो.

मतकरींच्या बालनाट्याची सुरुवात सुधा करमरकर यांच्यामुळे झाली. सुधाताईंनी अमेरिकेत बालरंगभूमीचे काम जवळून पाहिले होते. तेथे मुलांच्या नाटकाला स्वतंत्र नेपथ्य, स्वतंत्र प्रकाशयोजना, तयारीचे कलावंत आणि पुरेशा तालमी असतात, हे पाहून त्या परतल्या. आपल्याकडे तेव्हा मुलांचे नाटक म्हणजे बहुधा शाळेच्या संमेलनातली नाटुकली. मास्तरांनी लिहावी, शेवटी बोध सांगावा, पालकांनी टाळ्या वाजवाव्यात. १९५९ मध्ये सुधाताईंनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आश्रयाने 'लिटल थिएटर' अर्थात बालरंगभूमी सुरू केली आणि पहिले नाटक निवडले ते मतकरींचे 'मधुमंजिरी'. लेखकाचे वय तेव्हा वीस-एकवीस. सुधाताईंनी स्वतः त्यात चेटकिणीची भूमिका केली. पुढे भक्ती बर्वे यांच्यासारख्या अभिनेत्रीची जडणघडणही याच संस्थेतून झाली.

जगात हा विचार अगदी नवा नव्हता. मॉस्कोत नतालिया सात्स यांनी १९१८ पासूनच मुलांसाठी व्यावसायिक शिस्तीची रंगभूमी उभी करण्यास प्रारंभ केला होता. 'पीटर आणि लांडगा' ही प्रोकोफिएव्ह यांची प्रसिद्ध संगीतरचना १९३६ मध्ये त्यांच्याच रंगभूमीसाठी तयार झाली. मुलांना द्यायचे ते उत्तमच द्यायचे, उरलेसुरले द्यायचे नाही, ही या सर्व कामामागची धारणा होती.

१९६२ मध्ये मतकरींनी पत्नी प्रतिभा मतकरी यांच्यासह स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या', 'राक्षसराज झिंदाबाद', 'अचाट गावची अफाट मावशी', 'इंद्राचं आसन नारदाची शेंडी' अशी नाटके त्यांनी लिहिली. मुलांसाठीच्या त्यांच्या नाटकांची संख्या वीसहून अधिक भरते. दिलीप प्रभावळकर यांच्या अभिनयाच्या घडणीत या संस्थेचा मोठा वाटा आहे. 'अलबत्या गलबत्या'मधील त्यांची चिंची चेटकीण पाहिलेले प्रेक्षक आज आजोबा-आजी झाले असून अजून त्या चेटकिणीविषयी सांगतात. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत, सकाळच्या वेळी, मोठ्या माणसांच्या नाटकांच्या मधल्या मोकळ्या जागेत हे प्रयोग होत. रात्रीच्या नाटकाचे नेपथ्य हलवायचे, आपले लावायचे, दुपारपूर्वी काढून घ्यायचे. या धावपळीत पैसा किती मिळत असेल याची कल्पना नाट्यसंस्था चालविलेल्या कोणालाही यावी.

आता या नाटकांची रचना पाहू. सुरुवात नावापासूनच करावी. अलबत्या गलबत्या. निम्मा शिम्मा. अचाट आणि अफाट. चिंची. ही नावे उच्चारताना जीभ आपोआप ताल धरते. मराठीत जोडशब्दांची मोठी श्रीमंती आहे: अघळपघळ, लुटूपुटू, इडापिडा, आरडाओरड. मूल बोलू लागते तेव्हा त्याला शब्दाच्या अर्थापेक्षा आधी हा ताल कळतो. मतकरींनी मुलांचे नाटक त्या तालावर उभे केले. 'अलबत' म्हणजे निश्चित आणि 'गलबत' म्हणजे जहाज. दोन्ही ओळखीचे शब्द जरासे वाकवून एका माणसाचे नाव होते आणि ते नाव ऐकताच मूल हसते. पडदा उघडण्यापूर्वीच अर्धे काम झालेले असते. आमच्या वसतिगृहात एकदा हे गुपित मुलांना सांगितले, तर आठ दिवसांत प्रत्येकाने दुसऱ्याला असे एक नाव ठेवले. रेक्टर वैतागले. मराठीचा तास मात्र त्या आठवड्यात फार चांगला गेला.

दुसरी गोष्ट वेगाची. मूल लांब संवाद ऐकून घेत नाही, ही तक्रार चुकीची आहे. मूल न घडणारा संवाद ऐकून घेत नाही. पात्राने बोलताना काहीतरी करीत असावे लागते. लपावे, पळावे, पडावे, चोरावे, मोजावे. प्रवेश लहान हवेत, गाणे कथेला पुढे नेणारे हवे, आणि खलनायक मूर्ख हवा पण दुबळा नको. तो दुबळा असेल तर नायकाच्या जिंकण्यात काही अर्थ राहत नाही. तो मूर्ख नसेल तर पुढच्या रांगेतले बाळ रडू लागते.

येथे आपण त्या पालकांच्या प्रश्नाजवळ येतो, कारण हा सारा भीतीचा मामला आहे.

मतकरी हे मराठीतील गूढकथेचे अग्रगण्य लेखक. 'खेकडा', 'गहिरे पाणी' ही त्यांची पुस्तके प्रौढांनीही रात्री एकट्याने वाचू नयेत अशी. भीती माणसाच्या मनात कोठून शिरते, कशी वाढते आणि कशाने तिला खतपाणी मिळते, याचे ज्ञान त्यांच्याइतके क्वचित कोणाला असेल. गूढकथेत वाचकाला पात्रापेक्षा कमी माहिती असते, किंवा फार तर तितकीच. दाराआड काय आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो घाबरतो. बालनाट्यात मतकरी नेमके उलट करतात. दाराआड चेटकीण लपली आहे हे सभागृहातील प्रत्येक मुलाला दिसते. दिसत नाही ते फक्त नायकाला. मग तीनशे मुले एकदम ओरडून त्याला सावध करतात. मूल येथे घाबरलेले नसते, जबाबदार झालेले असते. त्याच्या ओरडण्याने नायक वाचतो, निदान तसे त्याला वाटते. भीतीची सूत्रे लेखकाच्या हातून काढून मुलाच्या हातात दिलेली असतात.

अंधश्रद्धा याच्या अगदी विरुद्ध रीतीने चालते. देवऋषी सांगतो की दोष कोठे आहे ते मला दिसते, तुला दिसत नाही. ज्ञान त्याच्याकडे, भीती तुझ्याकडे, आणि कोंबडे किंवा पैसे पुन्हा त्याच्याकडे. मंचावरची चेटकीण मात्र सर्वांना दिसते. तिचे नाक कागदाच्या लगद्याचे आहे आणि ते घामाने सुटत चालले आहे हेही पहिल्या रांगेला दिसते. ज्या मुलाने तालमीत स्वतः राक्षसाची शिंगे डोक्याला बांधली, ती दुखतात म्हणून आत कापूस भरला आणि तिसऱ्या दिवशी एक शिंग मोडल्यावर डिंकाने चिकटविले, त्या मुलाला राक्षसाचे भय घालून कोणी फसवील हे मला संभवत नाही. निफाडच्या त्या पालकांना मी एवढेच सांगायला हवे होते.

तथापि एवढ्यावर हा विषय मिटत नाही, हे मला पुढच्याच वर्षी कळले. सुरगाण्याकडून आलेल्या एका मुलीला मी चेटकिणीची भूमिका देऊ केली. आवाज खणखणीत, उभे राहणे निर्भय. भूमिकेला तीच योग्य होती. तिने नकार दिला. कारण सांगेना. शेवटी वसतिगृहाच्या ताईंना तिने सांगितले की त्यांच्याकडच्या एका बाईला लोकांनी डाकीण ठरविले होते आणि तिला गाव सोडावे लागले होते. उत्तर महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ होतो, ही गोष्ट मला वर्तमानपत्रांतून माहीत होती. याच प्रकारांना आळा घालण्यासाठी राज्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. पण कायद्यातील 'चेटूक' आणि आमच्या नाटिकेतील 'चेटकीण' यांची गाठ एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने घालून दिली. शहरातील मुलासाठी चेटकीण ही गोष्टीतली असते. त्या मुलीसाठी ती विहिरीवर भेटणारी, नाव असलेली, लेकरे असलेली बाई होती.

त्या वर्षी आम्ही चेटकीण काढून टाकली आणि तिच्या जागी एक लबाड सावकार घातला. नाटिका तितकीच हसवणारी झाली. हा बदल योग्य होता असे मी आजही मानतो. मतकरींच्या नाटकांवर हा आक्षेप नव्हे. ती ज्या प्रेक्षकासमोर प्रथम आली, त्या गिरगाव-दादरच्या मुलांच्या जगात ती चेटकीण निरुपद्रवी होती. प्रश्न एवढाच की प्रेक्षक बदलला की नाटकाने काय करावे. याचे उत्तर शोधताना मला मतकरींचे पुढचे लेखन नव्याने वाचावेसे वाटले, आणि तेथे एक वळण सापडले.

त्या वळणाचे नाव 'लोककथा ७८'. ते प्रौढांचे नाटक आहे. खेड्यातील धनदांडग्यांनी दलितांवर केलेला अत्याचार आणि न्यायासाठी केलेली वणवण हा त्याचा विषय. १९७८ हे वर्ष आपल्या समाजाला निराळे सांगण्याची गरज नाही. त्या वर्षी २७ जुलै रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. आपल्या शाळेच्या पालकांत त्या दिवसांतून गेलेली कुटुंबे आहेत. मुंबईत वाढलेल्या, बँकेत नोकरी केलेल्या, राजकन्या आणि राक्षस लिहिणाऱ्या लेखकाने त्या काळात हा विषय हाती घ्यावा, याची नोंद स्मरणिकेत राहावी असे मला वाटते.

आणि नाटकाची रीत कोणती? शीर्षकातच 'लोककथा' आहे. गोष्ट सांगणारा समूह, भरजरी नेपथ्याला फाटा, गावरान बोली, गाण्याची आणि लोकनाट्याची जोड. मला असे वाटते की बालनाट्याने जे हात त्यांना दिले होते, तेच हात येथे कामाला आले. मुलांसाठी लिहिताना लेखक शिकतो की चार माणसे ओळीने उभी राहिली की भिंत होते, त्यांनी हात वर केले की झाड होते आणि ती एकदम वळली की गर्दी होते. परीकथेत या युक्तीने किल्ला उभा राहतो. 'लोककथा ७८'च्या जातीच्या नाटकात तिनेच गाव उभे राहते. फरक इतकाच की या गोष्टीतला राक्षस कागदाच्या लगद्याचा नाही आणि प्रेक्षकांनी कितीही ओरडून सांगितले तरी नायक वाचेलच असे नाही.

आपल्या समाजाला हे तंत्र तसे परके नाही. नाशिक जिल्ह्याचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे कलावंत आंबेडकरी जलसे घेऊन गावोगाव फिरले, तेव्हा त्यांच्याजवळ ढोलकी, आवाज आणि सांगण्याची निकड यांपलीकडे फारसे काही नसे. जलसा मोठ्यांसाठी होता. पण खेड्यातील कोणत्याही कार्यक्रमात पुढे बसलेली मुले असतातच, आणि अनेक घरांतून वाचण्याआधी विचार पोहोचला तो अशा गाण्यांतून.

पुण्यात १९८६ पासून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने आलेल्या 'ग्रिप्स' नाट्यचळवळीने तिसरीच वाट घातली. बर्लिनच्या फोल्कर लुडविग यांच्या या रंगभूमीत राजा-राणी नसतात. मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि घरातली, शाळेतली, रस्त्यावरची खरीखुरी अडचण मंचावर येते. 'छान छोटे वाईट्ट मोठे' हे तिचे मराठीतील पहिले पाऊल. परीकथा संपली, आता वास्तव, असे तेव्हा काही जण म्हणू लागले. मला ही भांडणे फारशी पटत नाहीत. ज्या मुलाच्या वाट्याला वास्तव भरपूर आले आहे, त्याला दोन तास राक्षसाच्या गुहेत जाण्याचा हक्क आहे. आणि ज्याला गुहाच तेवढी दाखविली गेली, त्याला कधीतरी रस्ता दाखवावा लागतो.

मतकरींच्या कामाचा शेवटचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. वयाची पंचाहत्तरी उलटत असताना, २०१४ च्या सुमारास, त्यांनी ठाण्याच्या समता विचार प्रसारक संस्थेबरोबर 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम सुरू केला. ठाण्यातील झोपडवस्त्यांत राहणारी मुले आणि तरुण यात एकत्र आले. येथे मतकरींनी स्वतःची नाटके त्यांच्याकडून बसवून घेतली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. उलट कौतुकच झाले असते. त्यांनी तसे केले नाही. मुलांनी आपल्याच वस्तीतले विषय घ्यावेत, आपल्याच बोलीत नाटिका रचाव्यात आणि अनुभवी रंगकर्मींनी त्यांना फक्त वाट दाखवावी, अशी पद्धत ठेवली. 'नाट्यजल्लोष' या वार्षिक कार्यक्रमात गटागटाने या नाटिका सादर होऊ लागल्या. आयुष्यभर मुलांसाठी लिहिलेल्या लेखकाने अखेरीस लेखणी मुलांच्या हातात दिली आणि आपण प्रेक्षकांत बसला.

हे लिहिणे सोपे, करणे कठीण, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या मुलांनी स्वतः रचलेली एक नाटिका आम्ही एका आंतरशालेय स्पर्धेत नेली होती. पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. एक बहीण रांगेत उभी राहते म्हणून दुसरी शाळेत जाऊ शकते, आणि एके दिवशी त्या पाळी बदलतात. सभागृह स्तब्ध झाले होते. निकालानंतर एका परीक्षकांनी मला बाजूला घेऊन सद्भावनेने सांगितले की विषय हृदयस्पर्शी आहे, मात्र मुलांचे उच्चार शुद्ध करून घ्या. 'पानी' ऐकून रसभंग होतो. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, याची मला आजही खंत आहे. ज्या दोघी मुली पाण्यासाठी खरोखर रांगेत उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्या तोंडी 'पानी' हाच शब्द होता. 'पाणी' म्हणताना त्या अडखळल्या असत्या, आणि अडखळणाऱ्या मुलीचे दुःख कोणाला ऐकू गेले असते?

प्रमाण मराठी मुलांना आली पाहिजे, याविषयी मराठीचा शिक्षक म्हणून माझे दुमत नाही. ती परीक्षेची, अर्जाची, न्यायालयाची भाषा आहे आणि ती न येणे परवडणारे नाही. मतकरींची परीकथेतील भाषा याच कामी येते. तिचा ताल जिभेवर बसला की 'ण' आणि 'ळ' वेगळे शिकवावे लागत नाहीत, हे मी अनेक मुलांच्या बाबतीत पाहिले आहे. मात्र मुलाला एकच भाषा दिली आणि दुसरी हिरावून घेतली, तर हिशेब तोट्यात जातो. म्हणून आमच्याकडे पुढे दोन नाटिकांची पद्धत पडली. पाचवी ते सातवीची मुले राक्षसाची नाटिका करतात आणि आठवी-नववीची मुले आपली स्वतःची. पहिलीत शब्द आमचे असतात. दुसरीत आम्ही एक शब्दही बदलत नाही, फक्त आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही एवढे पाहतो.

मतकरींना २००३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'इन्व्हेस्टमेंट' या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाला 'यशस्वी' करण्यासाठी पालक किती खाली उतरू शकतात हा त्याचा विषय असल्याने प्रत्येक पालकाने तो पाहावा. २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांच्या एकूण योगदानासाठी देण्यात आला. त्याच वर्षी 'अलबत्या गलबत्या' चिन्मय मांडलेकर यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगमंचावर आले, वैभव मांगले चेटकीण झाले, आणि मोबाइल हातात घेऊन जन्मलेली मुले आजी-आजोबांप्रमाणेच खुर्चीवर उभी राहून ओरडू लागली. १७ मे २०२० रोजी कोरोनाने मतकरींचे निधन झाले. नाट्यगृहे तेव्हा बंद होती. ज्या मे महिन्यात त्यांची नाटके दर वर्षी लागत, त्या मे महिन्यात राज्यात एकही पडदा वर जात नव्हता.

सुरगाण्याची ती मुलगी नंतर आठवीत असताना आमच्या दुसऱ्या प्रकारच्या नाटिकेत आली. विषय तिनेच सुचविला होता: गावाने डाकीण ठरविलेली बाई. मी थोडा चाचरलो. ती म्हणाली, "गुरुजी, आता ती बाई मीच करते." तिने केली. नाटिकेत चेटूक कोठेच नव्हते. होती ती आजारी पडलेली गुरे, जमिनीचा वाद, एक गप्प बसणारा पोलीस पाटील आणि रात्री गाठोडे बांधणारी बाई. तिसऱ्या रांगेत निफाडचे ते पालक बसले होते. त्यांचा नातू तेव्हा पाचवीत होता आणि त्याच संध्याकाळी आधीच्या नाटिकेत राक्षस झाला होता. कार्यक्रम संपल्यावर ते भेटले. मी त्यांच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर देण्यास सरसावलो, तर त्यांनी हाताने थांबविले आणि नातवाच्या डोक्यावरून एक शिंग उतरवून माझ्या हाती दिले. म्हणाले, "हे जपून ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्याला लागेल."

मुलांनी रचलेल्या या नाटिकांपैकी फारच थोड्यांच्या वह्या शाळेत शिल्लक आहेत. बाकीच्या मुलांबरोबर गेल्या. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी अशा वह्या, एखादे सुटे पान किंवा नुसते पाठ असलेले संवाद असतील, त्यांनी ते शाळेच्या ग्रंथालयात आणून द्यावेत अथवा लिहून पाठवावेत. टँकरच्या नाटिकेचा शेवटचा प्रवेश आमच्याकडे नाही. त्यातील धाकट्या बहिणीचे काम करणारी विद्यार्थिनी ही स्मरणिका वाचत असेल, तर तिने अवश्य संपर्क साधावा. लिहिताना 'पानी' तसेच ठेवावे.